केस अचानक गळायला लागले? आधी बाटली नाही, ताट बघा. शेगावच्या गावांनी दिलेला धडा आणि रोजच्या निगेच्या साध्या सवयी

शेगाव : आधी डोक्याला खाज सुटायची. मग केस राठ व्हायचे. आणि तिसऱ्या दिवशी डोक्यावरून हात फिरवला की पुंजकेच्या पुंजके हातात यायचे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून ही तक्रार सुरू झाली आणि जानेवारी २०२५ उजाडला तोवर राज्यभर एकच चर्चा होती – तीन दिवसांत टक्कल! आकडा वाढत जाऊन १८ गावांतल्या २७९ जणांपर्यंत पोचला. त्यात कॉलेजच्या मुली होत्या, शाळकरी पोरं होती. लाजेपायी अनेकांनी उरलेले केसही काढून टाकले.

पहिला संशय कुणावर आला? शॅम्पूवर. दुसरा पाण्यावर. हा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला, त्यामुळे पाण्याचं नाव निघणं साहजिकच होतं. पाण्याच्या तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. डोक्याच्या त्वचेवर बुरशीचा संसर्ग असेल, असंही सुरुवातीला सांगितलं गेलं. पण हळूहळू बोट वेगळ्याच ठिकाणी वळलं. ते ठिकाण होतं जेवणाचं ताट.

केसांची काळजी म्हटली की आपण तेल, शॅम्पू, साबण यांच्यापाशीच अडकतो. शेगावच्या प्रकरणानं दाखवून दिलं की केस उगवतात ते आतून. बाहेरची निगा आलेला केस सांभाळते, नवा केस बनवत नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते वेगळे ठेवले तर पैसा वाचतो आणि आजारही वेळेत सापडतो.

गव्हात नेमकं काय सापडलं?

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर हे विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जातात. त्यांनी या गावांत जाऊन रुग्णांचे आणि धान्याचे नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नावाचं खनिज नेहमीपेक्षा ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट निघालं, असं त्यांनी सांगितलं. त्याच वेळी अंगातलं झिंक, म्हणजे जस्त, मात्र फार कमी झालं होतं.

हे सेलेनियम रेशनवर आलेल्या गव्हातून गेलं, असा डॉ. बावस्कर यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार हा गहू बाहेरच्या राज्यातून, पंजाब-हरियाणाच्या बाजूने आलेला होता आणि गावात पिकणाऱ्या गव्हापेक्षा त्यात सेलेनियम ६०० पट होतं. पंजाबमधल्या होशियारपूर, नवांशहर भागातल्या काही जमिनींत हे खनिज मुळातच जास्त आहे, ही गोष्ट शेतीच्या अभ्यासकांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. आयसीएमआरच्या पथकानेही गावात येऊन नमुने नेले होते. त्या तपासणीतही रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आढळल्याचं समोर आलं.

सेलेनियम हे विष आहे का? तर नाही. थोडं लागतंच. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतं आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असं मानलं जातं. डॉ. बावस्कर यांच्या अहवालात गव्हाचा आकडा किलोला १४.५२ मिलिग्रॅम आहे. आता हिशेब करा. एखाद्याने दिवसभरात ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या, तर पोटात चार हजारांहून जास्त मायक्रोग्रॅम सेलेनियम जातं. म्हणजे वरच्या मर्यादेच्याही दहा पट. आणि धुऊन घेतलेल्या गव्हातही हा आकडा १३.६१ होता. म्हणजे गहू धुऊन हे जात नाही, ते दाण्याच्या आतच असतं.

हे जगात पहिल्यांदा घडलं, असंही नाही. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात अशीच माणसांची केसं आणि नखं गळाली होती. तिथेही कारण जमिनीतून पिकात आलेलं सेलेनियमच होतं. अमेरिकेत २००८ साली ताकदीच्या एका औषधात चुकून सेलेनियम प्रमाणाबाहेर पडलं आणि ते घेणाऱ्या २०१ जणांना त्रास झाला, त्यात केस गळणंही होतं. शेगाव भागातही पुढे काही रुग्णांच्या नखांच्या तक्रारी आल्या. केस आणि नख दोन्ही एकाच प्रकारच्या प्रथिनाचे बनतात, म्हणून दोन्ही एकदम बिघडली तर कारण अंगात शोधायचं, डोक्यावर नाही.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे केसांची मुळं मेली नव्हती. त्यामुळे अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले.

केस वाढतो कसा, गळतो कसा?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे थांबतो, त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच जागेवर नवा केस येतो. शेतात सगळी पिकं एकदम कापणीला येत नाहीत, तसंच हे. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं हे अगदी नेहमीचं आहे. फणीत चार केस दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. चार दिवसांनी डोकं धुतलं तर चार दिवसांचे केस एकदम निघतात, तेव्हा पुंजका मोठा दिसतो एवढंच.

वाढीचा वेग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. कोणतंही तेल ‘१५ दिवसांत कमरेपर्यंत केस’ देऊ शकत नाही, त्याचं कारण हेच. १५ दिवसांत केस वाढतो तो अर्धा सेंटिमीटर.

गळण्याची गती पाहिली की कारणाचा अंदाज येतो :

– काही दिवसांत पुंजके गळणं : विषबाधा, कॅन्सरवरची औषधं अशा गोष्टींनी वाढता केसच तुटतो. शेगावमध्ये घडलं ते या जातीचं.

– दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून गळणं : टायफॉइड, डेंग्यू, कोरोना, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, अचानक वजन उतरवणं, मोठा मानसिक धक्का. तापात केस गळत नाहीत, ताप जाऊन दोन-तीन महिने झाले की गळतात. तेव्हा माणूस ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या शॅम्पूला देतो. हे गळणं बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबतं.

– वर्षानुवर्षं हळूहळू विरळ होणं : कपाळ मागे सरकणं, टाळूवर जागा दिसू लागणं, बायकांचा भांग रुंद होणं. हे बहुतांशी आनुवंशिक. यावर डॉक्टरांकडे औषधं आहेत, पण लवकर सुरू केली आणि चालू ठेवली तरच उपयोग होतो.

– नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा : याला आपल्याकडे चाई म्हणतात. ‘किड्याने केस खाल्ले’ असं गावात सांगतात, ते खरं नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून केसांच्या मुळावर उठते. अशा जागी जेपाळ किंवा असलंच काही जहाल चोळल्याने कातडी भाजते आणि कायमचा व्रण पडू शकतो.

– लहान मुलाच्या डोक्यावर खवले, खाज आणि तुटके केस : हे बहुधा गजकर्ण. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात. मेडिकलमधून विचारून आणलेल्या मिश्र मलमात स्टेरॉइड असलं तर ते उलट पसरतं.

आतली निगा : ताटात काय हवं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे दर दोघींत एक. बायकांचे केस गळण्यामागे हे फार मोठं कारण आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी बघितलं जातं. दोनशे रुपयांची तेलाची बाटली घरात येते, पण हिमोग्लोबिनची तपासणी होत नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

रोजच्या ताटात या गोष्टी सहज बसतात :

– डाळ, मटकी, हरभरा, शेंगदाणे, दूध-दही; चालत असेल तर अंडी आणि मासे. केस प्रथिनांचा बनतो. पोळी-भाजीतली भाजी नुसती बटाट्याची असेल तर प्रथिनं येणार कुठून?

– मेथी, शेपू, चवळी अशा पालेभाज्या, बाजरी, नाचणी, तीळ, अळीव. सोबत लिंबू पिळावं किंवा आवळा-पेरू खावा, म्हणजे लोह अंगी लागतं.

– जेवणाला लागून चहा नको. चहामुळे जेवणातलं लोह शोषलं जात नाही. निदान तासभर जाऊ द्यावा.

– धान्य बदलतं ठेवावं. शेगावच्या प्रकरणातून घ्यायचा मोठा धडा हाच आहे. वर्षभर एकाच ठिकाणचा, एकच गहू तिन्ही वेळा पोटात गेला की त्यात काही कमी-जास्त असेल तर ते सगळं अंगावर येतं. आज पोळी, उद्या ज्वारीची भाकरी, परवा बाजरी, असं फिरतं ठेवलं तर धोका वाटला जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या आज्या ज्वारीची भाकरी खात होत्या, ती ताटातून पार हद्दपार करायचं काहीच कारण नाही.

आता गोळ्यांबद्दल. ‘हेअर व्हिटॅमिन’ म्हणून जे विकलं जातं त्यात बहुधा बायोटिन असतं. त्याची कमतरता क्वचितच असते, त्यामुळे बहुतेकांना त्याचा फायदा होत नाही. शिवाय बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. गोळी चालू असेल तर लॅबवाल्याला आधी सांगावं. काही गोळ्यांत सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व असतं. ही दोन्ही जास्त झाली तर केस उलट गळतात. जे कमी पडतंय तेच भरायचं, आणि काय कमी पडतंय ते तपासून.

बाहेरची निगा : आलेला केस सांभाळायचा कसा?

तेल : खोबरेल तेल लावायची आपल्याकडची जुनी रीत चुकीची नाही. मुंबईतल्या मॅरिको या तेल बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली होती. तिघांपैकी फक्त खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं कमी करतं, असं त्यात दिसलं. कंपनीचा धंदा तेलाचाच आहे हे ध्यानात ठेवूनही ही माहिती कामाची आहे. पण नीट समजून घ्या – तेलाने केस तुटायचा कमी होतो, टकलावर नवा उगवत नाही. धुण्याआधी तासभर, केसांच्या टोकांपर्यंत लावलं की पुरे. डोक्यात कोंडा असेल तर मात्र टाळूला तेल चोपडू नये. कोंड्याची बुरशी तेलावरच पोसली जाते. तिथे किटोकोनॅझोलचा शॅम्पू पाच मिनिटं ठेवून धुवावा.

धुणं : आठवड्यातून दोन-तीन वेळा. शेतात, धुळीत, घामात काम असेल तर जास्त वेळा धुतलं तरी चालतं. शॅम्पूने टक्कल पडत नाही. अंगाचा किंवा कपड्याचा साबण मात्र डोक्याला नको. क्षाराच्या पाण्यात त्याचा चिकट थर केसांवर बसतो आणि केस राठ होतात. शिकेकाई-रिठा चालतं, डोळ्यांत जाऊ देऊ नये. शॅम्पू टाळूला चोळायचा, लांबीला फक्त फेस लागू द्यायचा.

क्षाराचं पाणी : बोअरच्या पाण्याने केस कोरडे होतात, तुटतात. पण मुळापासून गळत नाहीत. शेवटचा एक तांब्या साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घेतला तरी फरक पडतो.

विंचरणं : ओले केस ताणले की तुटतात. थोडे वाळू द्यावेत, मग रुंद दातांच्या फणीने आधी टोकं, मग मधला भाग, शेवटी मुळाकडून. ‘रोज शंभर वेळा विंचरा’ हा सल्ला विसरून जावा. टॉवेलने खसाखसा घासण्याऐवजी जुन्या सुती कापडाने टिपावे.

घट्ट वेण्या : शाळेसाठी मुलींच्या दोन वेण्या कपाळाची कातडी ताणली जाईल एवढ्या घट्ट घालतात. वर्षानुवर्षं हे चाललं तर कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस कायमचे जातात. वेणी घातल्यावर डोकं दुखत असेल तर ती घट्ट आहे. घरी आली की सोडून द्यावी, भांगाची जागाही अधूनमधून बदलावी.

काळी मेंदी : नुसत्या मेंदीने केस काळे होत नाहीत. पाच-दहा रुपयांच्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याने डोकं, डोळे सुजतात. कानामागे थोडी लावून ४८ तास वाट पाहावी. खाज आली तर पुन्हा कधीच नको.

जावळ आणि चकोट : चकोट केल्याने केस दाट येत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो जाड लागतो. धार्मिक रीत म्हणून जावळ जरूर काढावं, दाट केसांसाठी पोराला दर दोन महिन्यांनी न्हाव्याकडे नेऊ नये.

हेल्मेट : हेल्मेटने टक्कल पडत नाही. आतून सुती रुमाल बांधावा, घाम साचू देऊ नये. केसांपायी हेल्मेट काढून ठेवणं म्हणजे डोकंच पणाला लावणं.

‘मुंबईला गेला आणि केस गेले’

गावातली पोरं कामाला, शिकायला मुंबईच्या उपनगरांत जातात. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. दिवाळीला घरी आली की आई म्हणते, ‘तिथल्या पाण्याने केस गेले रे तुझे.’ खरं तर महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं, ते आपल्या बोअरपेक्षा मऊच. काही इमारतींत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतात, तिथे केस कोरडे होतात हे खरं. पण मोठं कारण बहुधा दुसरं असतं. सकाळी वडापाव, दुपारी काहीतरी, रात्री बारा वाजता जेवण, झोप पाच तास, आणि पावसाळ्यात एखादा डेंग्यू किंवा मलेरिया. त्याचा हिशेब केस दोन-तीन महिन्यांनी मांडतात. शिवाय आनुवंशिक टक्कल पोरांत सुरू होतं तेही विशी-पंचविशीतच, म्हणजे नेमकं गाव सोडायच्या वयात.

अशा पोरांनी रस्त्यावरच्या जाहिराती बघून हजारो रुपयांचं पॅकेज घेण्याआधी विलेपार्ल्याचं कूपर किंवा घाटकोपरचं राजावाडी या महापालिकेच्या रुग्णालयांत केसपेपर काढून दाखवावं. आधी निदान, मग खर्च.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

– काही दिवसांत पुंजके गळू लागले, किंवा केसांबरोबर नखंही बिघडली
– गुळगुळीत चट्टा पडला, तो वाढतोय
– डोक्यावर पू, खपल्या, दुखणं आहे
– सहा महिने होऊनही गळणं थांबत नाही
– सोबत थकवा, धाप, वजनात बदल, पाळीत गडबड आहे (रक्त आणि थायरॉइड तपासायला सांगतील)

गावात एकदम अनेकांचे केस गळू लागले तर

शेगावमध्ये सुरुवातीचे दिवस शॅम्पू की पाणी या वादात गेले. पुढे कुठल्याही गावात असं झालं तर या गोष्टी कराव्यात :

१. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावं. लाजून घरात बसू नये. एकाने सांगितलं की दहा जण पुढे येतात.

२. प्रत्येक घराने तारीख लिहून ठेवावी – खाज कधी, गळणं कधी, नवं धान्य, औषध किंवा फवारणी कधी.

३. घरातलं धान्य किंवा पीठ फेकून देऊ नये. किलोभर कोरड्या पिशवीत बांधून, कुठून आणि कधी घेतलं ते लिहून ठेवावं. तपासणीला तेच लागतं. गळालेले केसही कागदात ठेवावेत.

४. संशय असेल तर तपासणी होईपर्यंत ते धान्य बाजूला ठेवून दुसरं खावं. रेशन कार्डावरचं धान्य सोडून देऊ नये, बदलून मागावं, आणि तक्रार तहसील कार्यालयात लेखी द्यावी.

५. ‘संसर्ग आहे’ म्हणत कुणाला पंगतीतून, शाळेतून उठवू नये. गव्हातून आलेला त्रास एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जात नाही. गळालेले केस परत येतात, मोडलेलं लग्न आणि सुटलेली शाळा तशी परत येत नाही.

केसांना रोज लागतं ते फार थोडं : सैल वेणी, साधं तेल, रुंद फणी, स्वच्छ टाळू. बाकीचं काम चुलीपाशी होतं. वाटीभर उसळ, ओंजळभर शेंगदाणे, बदलती भाकरी. आणि एवढं करूनही केस पुंजक्याने गळू लागले, तर नवी बाटली आणायला दुकानात नाही, आरोग्य केंद्रात जायचं.